साडेसहा सेंटिमीटर

हॅलो?… हो, मीच… अगं, माझा फोन दुसरं कोण उचलणार?… ओरडू नकोस. काय झालंय ते एका वाक्यात सांगते, मग हवं तेवढं ओरड. नवी गाडी जुन्या गाडीपेक्षा ट्रॅकच्या एका फेरीला चार सेकंदांनी वेगवान आहे, आणि आमच्या पाचही चालकांनी तिच्या फॉर्मवर 'मंद आहे, झोप येते' असा शेरा लिहिलाय… झालं. एवढंच आहे.

फोन धाकट्या बहिणीचा होता आणि तिचा नवरा त्या पाच चालकांपैकी पहिला. कारखान्यात बनणाऱ्या स्पोर्ट्स कार तो ट्रॅकवर पळवून पाहत असे, आणि थोरली बहीण तिथल्याच मापनकक्षात बसून त्या किती पळाल्या हे मोजत असे. चालक तिला मीटरबाई म्हणत. तोंडावर नव्हे, पण तिला ऐकू जाईल इतपत मोठ्याने. तीन वाजता साहेब एका कागदावर सही करणार होते, आणि त्या सहीनंतर धाकटीचा नवरा ट्रॅकवरून उचलला जाऊन प्रशिक्षण विभागात फळ्यासमोर उभा राहणार होता. कागदाला जोडलेला अहवाल मीटरबाईंचा होता. आता पावणेएक झाला होता.

हो, अहवाल माझाच… 'चालकाच्या वेगाच्या जाणिवेत घट.' … नाही, 'म्हातारा झाला' असं मी कुठेही लिहिलेलं नाही. तो अर्थ साहेबांनी काढला… अगं, पाचही जण तेच म्हणतात हे खरंय, पण जावईबापू चहा पिताना जे बोलतात तेच संध्याकाळी बाकीच्या चौघांच्या फॉर्मवर उमटतं. म्हणून साहेबांना वाटतं, एकाला हलवला की चौघे आपोआप बरे होतील…

सख्खी बहीण असून? चिमणे, यंत्राला नातं कळत नाही… बरं, मला कळतं. मान्य. पण आकडे मी बदलू का?… मग!

काय लिहिलंय त्याने? थांब, फॉर्म समोरच आहे. वाचते. 'सोफ्यावर बसून दुसऱ्याची गाडी टीव्हीवर बघतोय असं वाटतं.' … हसू नकोस, साहेब हसले नव्हते. आणि खाली लिहिलंय, 'छत खाली आलंय, हेल्मेट घासतं.' … नाही ना! तेच तर. आराखडा विभागाने दोन्ही नकाशे टेबलावर आपटले. छत दोन्ही गाड्यांत तेवढंच, मिलिमीटरचाही फरक नाही. साहेब म्हणाले, आज याला छत खाली आलेलं दिसतंय, उद्या भिंती चालून येताना दिसतील…

उपाय? साहेबांचा उपाय म्हणजे स्पीकर… स्पीकर गं! सीटच्या मागे दोन बसवायचे आणि त्यातून गर्जना ऐकवायची… वाघाची कशाला? इंजिनाची… हो, गाडीला स्वतःचं इंजिन आहे… हो, ते आवाजही करतं… मी हेच विचारलं. मला म्हणाले, तुम्ही भावनेचा भाग समजून घ्या. मी!

हं… हं… नाही, प्रश्न चांगला आहे. मजा कशाने येते? वेगाने नाही येत. अगं ऐक ना. तू विमानात ताशी नऊशेच्या वेगाने जात होतीस आणि तोंड उघडं टाकून झोपली होतीस, मी शेजारी होते. आणि बागेतल्या झोक्यावर, ताशी पंधरा, तू अख्खी गल्ली गोळा केली होतीस… तेव्हा तू लहान नव्हतीस, तुझं लग्न ठरलं होतं… तर, अंगाला वेग कळतच नाही. अंगाला कळतो तो बदल. पाय दाबला आणि पाठीत रेटा बसला, यात जितका कमी वेळ जाईल तितकी मजा. चाकाखाली खडा आला तर तो बुडाला कळला पाहिजे… बुडालाच. त्याला दुसरा शास्त्रीय शब्द आहे, पण बूड तेच राहतं. आणि जमीन जितकी डोळ्यांजवळ, तितकी ती जोरात मागे पळते. चालकाचा थरार म्हणजे एवढंच असतं. उरलेलं सगळं जाहिरातवाल्यांचं.

आणि यातलं काहीच नव्या गाडीत कमी नाही! प्रतिसाद जलद, गाडीचं बूड कडक, थरथर जुन्या गाडीइतकीच. माझ्या आलेखांवर आहे. चाळीस पानं आहेत… नाही, चाळीस पानं तुला नाही वाचून दाखवणार.

काय?… कोणी थांबवलं?… पोलिसांनी? आज सकाळी? आपल्या घरच्या गाडीला?… साठची हद्द, आणि हा त्र्याहत्तरला… आणि म्हणतो काय?… 'साठच्या वर असेन तर मिशी काढीन'… काढली का?… हे त्याने आणखी कोणाला सांगितलंय? साहेबांच्या कानावर गेलं तर ते तीनपर्यंतही थांबणार नाहीत.

मीटरबाईंनी फॉर्म खाली ठेवला. त्यांना बहिणीचा नवरा आवडत असे, पण हे मत त्यांनी कोणत्याही कागदावर नोंदवले नव्हते. एक गोष्ट मात्र नोंदवलेली होती. मागच्या वर्षी त्यांनी त्याला डोळ्यांवर पट्टी बांधून बाजूच्या सीटवर तीस वेळा बसवले होते आणि दर वेळी वेग विचारला होता. तीसपैकी एकोणतीस वेळा तो दोनपेक्षा जास्त चुकला नव्हता. तिसाव्या वेळी त्याला शिंक आली होती.

चिमणे, रडू नकोस, मला विचार करू दे… त्याने मीटरकडे का नाही पाहिलं हे मला विचारू नकोस. मीटरकडे पाहणं हा त्या लोकांत अपमान असतो… ऐक. हा माणूस बुडाने वेग मोजतो आणि कधी तेराने चुकत नाही. आता ट्रॅकवरही चुकतो आणि रस्त्यावरही. मग एक तर माणूस बिघडला… अगं, शक्यता सांगतेय! … किंवा दोन्ही ठिकाणी काहीतरी सारखंच बदललंय. घरच्या गाडीत नवीन काय?… टायर? … काच? … सर्व्हिसिंग? … मग आठव. नीट आठव. छोटं काहीही चालेल… सुगंधाची बाटली नाही चालणार…

कसली उशी?

…आईची?

कधीपासून?… सोमवार. त्याच्या पाठीत कळ आली म्हणून आईने स्वतःची स्पंजची उशी दिली… आणि हा तिच्यावर बसून गाडी चालवतो… 'नको' नाही म्हणाला? दोनशेच्या वेगाने वळण घेतो आणि सासूला नाही म्हणता येत नाही… ते कौतुक नंतर. उशी केवढी जाड आहे?… तू केव्हा पाहिली होतीस ते नको, आत्ता जाऊन बघ. फूटपट्टी घेऊन जा… आईला सांग, मला हवंय… सांग, शास्त्रासाठी हवंय…

नाही, ट्रॅकच्या गाडीत उशी नाही, मला माहीत आहे. ट्रॅकच्या गाडीत आईही नाही…

थांब.

थांब, थांब. मी शेडमध्ये चाललेय, फोन कानालाच आहे, तू मोज… मिस्त्री! अहो मिस्त्री, डबा नंतर खा, इकडे या. नव्या गाडीचं दार उघडा. टेप आहे?… तुला नाही गं, मिस्त्रींना…

साहेब बाजूच्या सीटवर बसून फेरी मारून आले होते, माहितीये? पांढरेफटक होऊन उतरले आणि म्हणाले, 'एवढी मजा आयुष्यात नाही आली, मग ही चालक मंडळी रडतात कशाला?' मी ते लिहूनच घेतलं नाही. मला वाटलं, साहेब आहेत, बोलायचं म्हणून बोलले. गाडी तीच, फेरी तीच, बाजूच्या सीटला मजा आणि चालकाच्या सीटला झोप. हे माझ्यासमोर महिनाभर पडून होतं, चिमणे.

काय निघालं?… पाच सेंटिमीटर. बसल्यावर थोडी कमी… स्पंज. मऊ. छान… मिस्त्री, सीट जमिनीपासून मोजा. आता जुन्या गाडीची… बोला ना… परत मोजा.

साडेसहा.

छत खाली नाही आलं गं. तो वर गेलाय.

चालकाच्या सीटखाली एक चपटी काळी पेटी होती. गाडीची थरथर, रेटा, वेग, सगळे तिच्यात नोंदले जाई. जुन्या गाडीत ती डिकीत ठेवलेली असे. नव्या गाडीत ती जागा इंजिनाने घेतली होती आणि बाजूची सीट साहेबांच्या फेरीसाठी जशीच्या तशी ठेवायची होती. म्हणून पेटी चालकाच्या सीटखाली गेली आणि सीट तिच्यावर चढली. नाजूक यंत्राला धक्का लागू नये म्हणून पेटीला चार जाड रबरी पाय होते. ते पाय मीटरबाईंनी स्वतः निवडले होते, आणि सर्वांत मऊ तेच निवडले होते.

नाही, बोलतेय… मला काय झालंय? काही नाही. मी एका माणसाच्या बुडाखाली उशी ठेवली आणि महिनाभर लिहीत राहिले की याला काही जाणवत नाही… आलेख? आलेख बरोबरच आहेत, तेच तर दुखणं. थरथर मोजणारा तुकडा खालच्या पत्र्यावर आहे. पत्रा थरथरतो, ते मी मोजलं. ते माणसापर्यंत पोचतं का, हे कोणी मोजलं?… हो, मीच मोजायला हवं होतं. एकदा म्हणालीस, पुरे. दुसऱ्यांदा म्हणू नकोस…

थांब, हा पुरावा नाही. उशीवरून शंका आली, पुरावा वेगळा… किंचाळू नकोस, मिस्त्री दचकतायत. मिस्त्री, चार बोल्ट काढा, पेटी बाहेर घ्या, सीट मूळ जागी बसवा. आणि पैलवानाला बोलवा… आमचा दुसरा चालक, सगळे पैलवानच म्हणतात त्याला. काही सांगू नका त्याला! फक्त म्हणा, एक फेरी मार. स्टॉपवॉच मी धरते.

पेटी निघेपर्यंत धाकटीने जे काही ऐकवले त्याला मीटरबाईंनी सात वेळा 'हो' म्हटले, एकदा 'ते मात्र खोटं आहे' म्हटले, आणि शेवटी 'आई फोनवर आली तर मी ठेवून देईन' असे सांगितले. मग ट्रॅकवर एक लांब, चढता आवाज उठला आणि काही काळ दोघींनाही बोलता आले नाही.

…आला. येतोय. थांब… वेळ मागच्या फेरीइतकाच. दोन दशांशांचा फरक, तो माझ्या अंगठ्याचा. म्हणजे गाडी जराही बदललेली नाही… उतरतोय. हेल्मेट काढलं… काय रे, कशी वाटली?…

काय म्हणाला ते फोनवर सांगता येणार नाही. आई जवळ आहे?… मग मुळीच नाही. पण शेवटचा शब्द 'परत' होता. पुन्हा आत बसायला निघालाय. मिस्त्री, किल्ली काढून घ्या त्याच्याकडून!…

नाही, अजून साहेबांकडे जात नाही. एक फेरी म्हणजे काही सिद्धता नव्हे. उरलेले तिघे आत्ता एकेक फेरी मारतील, न सांगता. दोन वाजेपर्यंत होईल… होईल गं. आणि पाचव्या फेरीला तुझा नवरा हवा. त्याला पाठव. उशीशिवाय पाठव… झोपलाय? दुपारचा? उठव. रुसून झोपला असेल तर सांग, मीटरबाईंनी बोलावलंय… हो, मला माहीत आहे ते नाव. सगळ्यांना वाटतं मला माहीत नाही… आणि साठने आण म्हणावं त्याला. मीटर बघून. आजच्या दिवस अपमान सहन कर म्हणावं.

स्पीकर? स्पीकर रद्द. साहेबांना हवे असतील तर त्यांनी घरी बसवावेत…

माफी? मागेन ना. त्याच्यासमोर मागेन… चारचौघांत कशाला? … बरं. चारचौघांत. आता गप्प बस आणि ऐक, मी नव्या अहवालाचा मसुदा लिहितेय, सही पाचही फेऱ्या झाल्यावर. एक शब्द कमीजास्त झाला तर सांग.

'पाचही चालकांची तक्रार खरी होती. कारण: मापनपेटी रबरी पायांसह चालकाच्या सीटखाली बसवल्याने सीट साडेसहा सेंटिमीटर उंच झाली, जमीन डोळ्यांपासून लांब गेली व गाडीची थरथर रबरात अडली. गाडीत दोष नाही. चालकांत दोष नाही. पेटी तिथे बसवण्याचा निर्णय मापनकक्षाचा, म्हणजे माझा.'

…नाही, 'गाढवपणाचा' हा शब्द नाही घालणार. तो मोजता येत नाही… हं. ठेवते.