हैबतीचा ढोल

ऐका. जरा पुढं सरका, त्या कडंच्या पोराला आवाज जाईना. आन् ते मोबाइल खाली ठेवा. ढोलवाल्याच्या घरी मुक्काम केलाय, तर ढोलाचीच गोष्ट ऐकावी लागंल.

उद्या तुम्ही डोंगर चढणार. चढा! कळमजाईच्या यात्रेला आलेल्या पावण्याला नाय म्हणायची आमच्या मोरदरीत रीत नाय. पण मघाशी जेवताना तुमच्यातला एक जण म्हणाला, "उतरताना मागच्या नाळेनं उतरू, भारी चॅलेंज आहे." ते ऐकलं न् म्यां हातातला घास खाली ठेवला. म्हणून सांगतो.

असेच यात्रेचे दिवस व्हते. असाच शनवार. पुण्याची तिघं आल्ती. पुष्कर न् तन्मय ही दोन पोरं, आन् केतकी म्हणून एक पोरगी. पोरगी म्हंजे काय सांगू, फुंकर मारली तर उडंल! मी मनात म्हणलं, ही कसला डोंगर चढती, अर्ध्यातून माघारी येती बघा. माणूस ओळखण्यात मी लई हुशार, असं मलाच वाटायचं तवा.

दुपारी तिघं चिमावहिनीकडं जेवली. चिमावहिनी म्हंजे माझा जोडीदार रखमा, त्याची बायको. जन्मभर आम्ही दोघांनी जोडीनं ढोल वाजवला, आन् त्याच साली माघात रखमा गेला. पुष्करनं वहिनीला हळूच सांगितलं, "मावशी, हिचे बाबा दिवाळीत गेले. तेव्हापासून ही घराबाहेर पडली नाही, रडली पण नाही. म्हणून ओढून आणलंय." झालं! वहिनीनं पोरीच्या ताटात गरम भाकरी टाकली न् म्हणाली, "बाय, मंग तू न् मी एकाच वाटंवर."

आन् तिला आमची रीत सांगितली. तुम्हीबी ऐकून ठेवा. यात्रेच्या रातीला देवीची पालखी दारोदार जाती, म्होरं ढोल. पण ज्या घरात वरसभरात मयत झालंय, त्या दारात ढोल उपडा ठेवायचा. पालखी मुकी उभी राहणार. घरच्या बाईनं मन भरंस्तोवर रडून घ्यायचं. मंग तिनं स्वतःच्या तोंडानं म्हणायचं, "वाजवा." ती म्हणेस्तोवर टिपरू, म्हंजे वाजवायची काठी, ढोलाला लावायचं नाय. देवी असली तरी थांबती. मोठी रीत हाये ती.

तर तिघं पुढच्या वाटंनं चढली. मधी साखळी धरून चढायचा कातळ लागतो, तिथनं भलेभले माघारी फिरतात. तन्मय तर कातळाला पालीवानी चिकटून बसला. आन् केतकी? सगळ्यात म्होरं! वरून हात देऊन दोघांना ओढून घेतलं तिनं. देवीच्या मूळ ठाण्यावर पोचली, सूर्य बुडताना बघितला. आन् तिथंच पुष्करची अक्कल गहाण पडली. म्हणाला, "पुढच्या वाटेला यात्रेची गर्दी आहे. नाळेनं उतरलो की थेट पालखीपाशी."

नाळ म्हंजे दोन कड्यांच्या मधली घळ. नुसती घसरण. दिवसाढवळ्या बकरं घुटमळतं तिथं. आन् ही तिघं अंधार पडल्यावर शिरली!

आता नाळंत कोण? हैबती. लई जुना माणूस, माझ्या आज्याच्या आज्यानंबी त्याला बघितला नव्हता. नावाजलेला ढोल्या. एका यात्रेला पालखी गाठायची म्हणून ढोलासकट नाळेनं धावत निघाला न् कड्यावरून गेला. पालखी चुकली, वाजवायची हौस तशीच राहिली. तवापासून यात्रेच्या रातीला कुणी नाळंत शिरलं की ढोल वाजायचा. ऐकणारा चालत सुटायचा. कुठं? अहो कुठं काय, कड्याकडं!

आधी बारीक खोड्या केल्या त्यानं. बॅटऱ्या मिणमिणल्या. एक वाकडा हिरडा लागला. थोडं उतरली, परत तोच हिरडा. परत उतरली, परत तोच! पुष्कर म्हणतो, "सगळी झाडं सारखीच दिसतात." मंग वास आला. ऊद न् गुळाचा, पालखीचा वास. मंग खाली पलिते दिसायला लागले, हलणारे, ओळीनं. आन् मंग ढोल.

धिन् धिन् धा! अगदी जवळ. जसा छातीत वाजतोय. दोघं पोरं हसायलाच लागली, "आलंच गाव!" आन् पाय तालावर पडायला लागले. आपोआप.

तवा आम्ही कुठं व्हतो? चिमावहिनीच्या दारात. पालखी मुकी, ढोल उपडे, वहिनी उंबऱ्यावर बसून रडतीय. आन् डोंगरात ढोल! सगळ्या गावानं ऐकला. बायकांनी पोरं पोटाशी धरली. पुण्याची तिघं नाळेनं उतरतायत हे तवा ध्यानात आलं, कारण पुढच्या वाटंनं आलेल्या कुणालाच ती दिसली नव्हती. जायचं म्हणलं तर रातीला नाळंत शिरणारा हैबतीचाच होतो. आन् खोटं कशाला बोलू, कळमजाईच्या दारात वाजवणारा माणूस मी, पण असला हात म्यां जन्मात ऐकला नव्हता. भ्यायचं सोडून मी ऐकतच राहिलो. काय तो ठेका, वा! मेलेला असला म्हणून काय झालं, गुणी तो गुणीच.

तिकडं केतकी थांबली. "पुष्कर, थांब. मावशींच्या दारात पालखी मुकी उभी राहते. हा ढोल मघापासून एकदाही थांबला नाही."

"अगं, थांबून पुढे आली असेल!" म्हणत पुष्करनं पाऊल टाकलं. त्याच्या पिशवीतून पाण्याची बाटली सुटली न् खाली गेली. आवाज आला नाय. बाटली पडल्याचा आवाजच आला नाय!

केतकीनं झेप घातली, दोघांच्या पिशव्या धरल्या न् दोघांना उताणं पाडलं. फुंकरीनं उडणारी पोरगी बरं का! पण आडवे पडले तरी पाय तालावर हलतायत, आन् दोघं इंचाइंचानं कड्याकडं घसरतायत. ती टाचा रुतवून ओढतीय. ढोल वाढतोय. एक सुटला तर गेला. एकाला सोडलं तर दुसरा वाचंल. पण सोडायचा कुणाला? नाय सोडला. एकालाबी नाय सोडला तिनं.

आन् मंग ती वरडली. काय वरडली असंल?

"ढोल उपडा ठेवा! माझ्या घरी मयत झालंय! माझे बाबा गेलेत, आणि मी अजून रडले नाहीये!"

गप्प.

ढोल थांबला, पोरांनो! मधल्या ठोक्यावर थांबला. भूत झाला तरी ढोल्या आमच्या गावचा. रीत कशी मोडंल?

खाली आम्हाला काय कळंना. ढोल थांबला म्हंजे वाचली का गेली? तेवढ्यात चिमावहिनी उठली. अजून तिचं रडू सरलं नव्हतं, पदर नुसता भिजलेला. म्हणाली, "माझं रडू ऱ्हाऊ दे. त्याच्यासाठी पुढं हायेतच दिवस. लेकरं अंधारात हायेत, त्यांना गाव कुठंय ते कळू दे. वाजवा!" भरल्या गळ्यानं म्हणाली. म्यां ढोल उचलला.

वर नाळंत काय चाललं व्हतं? तिघांच्या म्होरं कुणीतरी उभं. दिसत नाय, पण ओल्या कातड्याचा वास. ढोलाच्या वादीची करकर. वाट बघतोय. आन् मंग तो बोलला. हैबतीच्या आवाजात नाय. पोरीच्या बापाच्या!

"केतू, झालं ना बाळा? म्हण आता. म्हण, वाजवा."

सा महिन्यांनी बापाचा आवाज! मोठमोठी माणसं ढासळतील तिथं. पुष्कर सांगतो, तो शब्द म्हणायला तिचे ओठ उघडले व्हते. आन् तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या. इतके दिवस आडलेलं सगळं रडू, हंबरडा फोडून रडली. रडता रडता म्हणाली, "नाही बाबा. अजून झालं नाही. अजून रडू दे मला."

वा रे वाघिणी! रीत तिच्या बाजूनं, आता हैबती काय करणार? उभा राहिला मुकाट.

आन् तवा डाव्या अंगानं, लांबून, दुसरा ढोल आला. तन्मय किंचाळला, "परत आला तो!" केतकी कान देऊन म्हणाली, "नाही रे. हा दमतोय. मधेच मागे पडतोय. हे माणूस आहे."

दमलो व्हतो मी. रखमा नव्हता ना जोडीला. दोघांचं एकट्यानं वाजवत व्हतो, हाताची सालं निघाली. पण सोडला नाय. त्या आवाजावर ती तिघं बसत, रांगत, एकमेकांना धरून नाळंतून माघारी चढली न् पुढच्या वाटंला लागली. फटफटलं तवा गावात आली. केतकी सरळ चिमावहिनीच्या गळ्यात पडली. दोघी मायलेकीवानी रडल्या, अख्खं गाव रडलं.

मी नंतर विचारलं, "पोरी, मंग त्याला वाजवा म्हणालीस का?"

"नाही, काका."

"मंग तो?"

तिनं डोंगराकडं बघितलं. "उभा असेल."

तवापासून नाळंत ढोल वाजला नाय. आम्ही भगत आणले, नवस केले, कोंबडी कापली. पिढ्यान् पिढ्या जे कुणाला जमलं नाय, ते त्या पोरीनं करून दाखवलं.

पण ऐका. त्याचा ढोल फुटलेला नाय, नुसता उपडा ठेवलेला हाये. यात्रेच्या रातीला नाळंत शिरून तुमच्यातल्या कुणी सहज जरी म्हणलं, "ए, एखादं गाणं वाजवा रे", तरी त्याला तेवढं बास. म्हणून नाळेचं नाव काढायचं नाय. पुढच्या वाटंनं चढा, पुढच्याच वाटंनं उतरा.

हसताय? हसा. तुम्ही तरणी पोरं, तुम्हाला चॅलेंज पायजे. मला तर तो ठेका पायजे. दर यात्रेला वाटतं, उठावं, नाळेच्या तोंडाशी जावं न् एकदाच तो शब्द म्हणावा. एकदाच ऐकावं. म्हणून पालखी टेकली की माझी म्हातारी दाराला कडी घालून त्याच्या आडवी झोपती. उद्याबी झोपंल. तिच्या अंगावरून जायची हिंमत माझ्यात नाय.