थंड पाण्याचा माणूस

नाही नाही, सावकाश होऊ द्या, मला कसली घाई — मला मुळात गरम पाणी लागतच नाही. हसताय काय? गीझरची कॉइल जळून झाले असतील दोनेक महिने, कुठं अडलं माझं? थांबा, ते स्टूल डुगडुगतं, मी धरतो. तर काय — थंड पाणी मी मुद्दाम घेतो. वाचनालयात व्याख्यान ऐकलं — ते जुने स्टोइक लोक, दोन हजार वर्षांपूर्वीचे — त्यांचं म्हणणं एवढंच की बाबा रे, काही गोष्टी आपल्या हातात असतात, काही नसतात, आणि नसतील त्यांच्यापायी जीव जाळायचा नाही. झालं, संपलं तत्त्वज्ञान! आणि अधूनमधून आपणहून थोडी गैरसोय सोसायची, म्हणजे खरी वेळ आली की माणूस ढेपाळत नाही. पहिला तांब्या अंगावर घेतला तेव्हा असा ओरडलो — खालचे शिंपी कात्री हातात घेऊन वर धावले! आता? आता शीळ घालत आंघोळ करतो. स्कूटर चोरीला गेली, म्हटलं जाऊ दे — चालून चालून पोट उतरलं, फायदाच की!

त्या शांपूच्या बाटल्या? बायकोच्या आहेत, काढून ठेवा बाजूला — नको, असू द्या तिथंच. ती बहिणीकडे गेलीय, चार दिवस म्हणून. म्हणजे चार दिवस असं ती म्हणाली नव्हती, मीच आपला धरून चाललो. झालं काय, सासूबाई गेल्या. ही आईची शाल मांडीवर घेऊन बसलेली, जेवण नाही, खाणं नाही, आणि मी समजावतोय — अगं, मरण काय आपल्या हातात असतं का? बरोबरच बोललो ना? तर डोळे पुसून विचारते, "उद्या मी गेले तरी असेच शांत राहाल?" आता खोटं कशाला बोलायचं — म्हटलं, प्रयत्न तरी करीन. मला वाटलं, कौतुक करेल! हिनं बॅगच भरली.

हो हो, गीझर तिच्यासाठीच. तिला थंड पाणी सोसत नाही, लगेच शिंका सुरू. कळवलंय तिला, दुरुस्त करून घेतोय म्हणून. बघेल सवडीनं. येणं न येणं तिच्या हातात, गीझर माझ्या हातात — म्हणजे तुमच्या! पेटला का दिवा? वा! अहो, आता एक करा, हात पुसा आणि माझ्या नंबरावर एक रिंग द्या. काही नाही हो, या फोनचं काहीतरी बिघडलंय, बरेच दिवस झाले, वाजतच नाही —

वाजला की.

नाही, चांगला वाजतोय. काही बिघडलेलं नाही.

अहं, कट नका करू. वाजू द्या थोडा वेळ.