मधला रिकामा पंधरवडा

...आणि वर मलाच विचारतात, "तुझं तोंड का असं?" आता तुम्हीच सांगा, चार तास बोचऱ्या वाऱ्यात, हातात ही एवढी मोठी चंदेरी थाळी, म्हणजे रिफ्लेक्टर हो, उजेड परतवून नवरीच्या गालावर पाडायचा असतो ना, तो धरून उभं राहिल्यावर तोंड कसं असणार? उजेड नवरीला, वारा आम्हाला!

तर आमचे हे फोटोग्राफर. लग्नांचे. साधीसुधी लग्नं नव्हेत, लांबून विमानानं येणारी, आमच्या या पार उत्तरेच्या टोकाला, का, तर इथं तळं आहे, तळ्यामागे डोंगर आहे, डोंगरावर बर्फ आहे. त्याच बर्फातून आम्ही दूध आणायला जातो, पाय घसरून आपटतो, त्याचा फोटो कुणाला नको! फोन आला की पहिला प्रश्न, "सीझन कोणता घ्यावा?" आणि हे सुरू. मला तोंडपाठ झालंय. "हे बघा, उन्हाळ्यात उजेडच उजेड, सूर्य मावळायचं नाव घेत नाही, पण डास! नवरी हसली की एक आत. पानगळीत डोंगर नुसता सोनं, पण दहाच दिवस, अकराव्या दिवशी वारा सुटला की झाडू मारल्यासारखं साफ. हिवाळ्यात बर्फ, पण उजेड जेमतेम चार तास, त्यातले तीन नवरीच्या मेकअपला. वसंतात फुलं, आणि घोट्यापर्यंत चिखल." मग पलीकडून ती, गोड आवाजात, "आम्हाला ना, बर्फ पण हवाय, फुलं पण हवीत, आणि ड्रेस बिनबाह्यांचा आहे." घ्या!

आणि मी भाजी चिरता चिरता विचारावं, "अहो, आणि आपला फोटो?" की कॅमेऱ्याची काच पुसता पुसता, मान वर न करता, यांचं ठरलेलं उत्तर... "आपलं काय, आपण कधीही काढू!"

कधीही! पंचवीस वर्षं झाली हो. आमचा दोघांचा एकत्र असा एकही फोटो नव्हता. हसू नका! लग्न झालं नोंदणी कचेरीत. फोटोग्राफर कुठून आणणार? तोच नवरदेव! यांनी कॅमेरा मित्राच्या गळ्यात अडकवला. तो बिचारा खुर्चीवर चढला, टेबलाखाली शिरला, "वहिनी, इकडे बघा! वहिनी, हसा!" छत्तीस फोटो काढले त्यानं. मी छत्तीस वेळा हसले. आणि संध्याकाळी कॅमेरा उघडला तर आत रोलच नाही! रोल कुणी घालायचा? यांनी! दुसऱ्यांच्या लग्नात दोन-दोन रोल जास्तीचे नेणारा माणूस स्वतःच्या लग्नात रोल विसरला. मी रडायला लागले तर काय म्हणाले? ओळखलंत. "अगं, आपलं काय..."

एकटीचे मात्र माझे हजारो निघाले बरं का. कसे? तर जोडपं नेहमी उशिरा येतं, उजेड थोडाच थांबतोय? मग मला नवरीच्या जागी उभं करायचं, अंदाज घ्यायला. आणि नवऱ्याच्या जागी? एक स्टँड. स्टँडवर कोट. कुठला कोट? यांचा लग्नातला! आता अंगाला होत नाही ना, म्हणून आणला कामाला. तर वर्षानुवर्षं मी त्या कोटाशेजारी उभी आहे. उन्हात, पानगळीत, बर्फात. "कोटाकडे सरक. अजून. मान वर." कटाक! मग जोडपं आलं की मी बाजूला, कोट पिशवीत, आणि आमचे फोटो, म्हणजे माझे आणि कोटाचे, पुसून टाकायचे. जागा अडते म्हणे!

खरं सांगू का? त्याचंही काही वाटलं नसतं. पण हे परक्या पोरांना सांगतात ना, "लाजू नका, जवळ या, अजून जवळ, तिच्याकडे बघा, नीट बघा", तेव्हा थाळी धरून उभी असलेल्या माझ्या मनात येतं, यांना कुणीतरी हे सांगा हो. एकदाच. फार वाटायचं तसं. हात भरून यायचे, पण त्याहून ते जास्त दुखायचं.

मग म्हटलं, पुरे. भिंतीवरचं कॅलेंडर काढलं. उन्हाळा गच्च. पानगळ गच्च. हिवाळा गच्च. चिखलातसुद्धा दोन जोडपी! मधेच एक पंधरवडा मोकळा, पानं गळून गेलेली आणि बर्फ अजून पडायचाय तो. त्या दिवसांत हे कुणाला येऊच देत नाहीत. मी शेजारणीचा फोन घेतला, मागच्या अंगणात गेले आणि यांनाच लावला.

"फोटो काढायचेत," म्हटलं, "सव्वीस तारखेला."

"मॅडम, त्या दिवसांत तिथं काहीही नसतं. पान नाही, फूल नाही, बर्फ नाही."

"चालेल."

"बरं... नवरदेवांची उंची किती?"

"तुमच्याएवढीच."

"कोट आहे ना त्यांच्याकडे?"

"होता," म्हटलं, "आता कुठंय कोण जाणे."

ओळखला का माझा आवाज? छे! पंचवीस वर्षं एका घरात! मी आत आले तर मलाच सांगतायत, "ऐकलंस का, एक विचित्र बाई आहे. सव्वीस तारीख मोकळी ठेव, रिफ्लेक्टर धरायचाय."

ठेवली हो मोकळी! गेलो तळ्यावर. राखाडी आभाळ, राखाडी पाणी, झाडांच्या नुसत्या काड्या. मी नवरीच्या जागी, शेजारी कोट, कटाक. मग वाट बघणं. अर्धा तास झाला, हे घड्याळ बघतायत, "लोकांना वेळेची काही किंमत आहे का?"

म्हटलं, "आलेत ते."

"कुठंयत?"

"ही काय नवरी. नवरदेव अजून कॅमेऱ्यामागेच आहेत."

तुम्हाला सांगते, यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला, परत काढला. मग स्टँडवरचा कोट उचलला आणि अंगात चढवला. बटण कसलं लागतंय! पण आले. माझ्या शेजारी आले. मला वाटलं, झालं, पंचवीस वर्षांचं फिटलं. पण कुठलं हो! कॅमेरा दहा सेकंदांवर लावायचा आणि धावत यायचं, की परत, "थांब, तळं तिरकं आलंय!" परत धाव. "थांब, तुझे केस!" परत धाव. कोट उडतोय, पोट हलतंय, आणि उजेड? तो काय यांचा नोकर आहे? गेला!

चाळीस फोटो. एकात यांची पाठ, एकात कोपर, एकात नुसता बूट. आणि शेवटच्यात... शेवटच्यात हे धापा टाकत माझा दंड धरून उभे आहेत, तोंड उघडं, सगळं पुसट. आणि बघतायत माझ्याकडे. कॅमेऱ्याकडे नाही, माझ्याकडे. "हललाय, पुसतो," म्हणाले. म्हटलं, हात लावून बघा!

लावला मी तो भिंतीवर. येणाऱ्याजाणाऱ्याला हे सांगत सुटतात, "ती नुसती टेस्ट आहे हो, पुढच्या वर्षी त्याच पंधरवड्यात नीट काढणार आहोत." मी रंगसुद्धा भरला कॅलेंडरवर त्या पंधरवड्याला. लाल! आणि परवा एक जोडपं आलं, नवरी फोटोसमोर थांबली ती हलेचना. "आम्हाला अगदी अस्साच हवा! हा कुठला सीझन?" मी डोळ्यांनी खुणावतेय, सांगू नका, सांगू नका... सांगितला! तिनं बहिणीला सांगितला, बहिणीनं मैत्रिणीला. पंधरवडा गच्च!

आता सव्वीस तारखेला मी तिथंच, थाळी धरून. हे वर तोंड करून विचारतायत, "रागावलीस का गं?" म्हटलं, छे हो... आपलं काय, आपण कधीही काढू!