काकूंच्या कुरड्या

खोली मिळाली कशी, ते ऐका गा! लकडगंजात मी अन् बायको घर शोधून राहिलो होतो. आडनाव सांगितलं, की प्रत्येकाची खोली म्हणे कालच गेलेली! मले असा संताप आला, की पुढच्या घरी दार उघडणाऱ्या काकूंले मी नमस्काराच्या आधी आडनावच सांगितलं.

काकूंचं लक्षच नाही. त्यांनी बायकोले विचारलं, "दुपारी घरी कोण राहते वं?"

"मीच. घरूनच काम करते, कम्प्युटरवर."

"मंग खोली तुमचीच! बाजूच्या गच्चीवर माझ्या कुरड्या वाळून राहिल्या. कावळ्यांकडे तेवढं पाह्यजो."

परवा बायकोची ऑनलाइन मीटिंग चालू होती. साहेब सांगून राहिले होते, "आता सगळ्यांना शनिवारीही काम करावं लागेल." तेवढ्यात कुरड्यांवर कावळा बसला. माइक चालूच, अन् ही खिडकीकडे पाहून ओरडली, "हट्! हट्! चल निघ इथून!"

साहेब हळूच म्हणाले, "बरं, शनिवारचं राहू द्या."