डावं बूच, उजवं बूच

मंदारनं जुनी कॅटमरान घेतली ना, तेव्हाचं सांगतो. म्हणजे शिडाचीच बोट रे, पण खाली शेजारी शेजारी दोन लांबट, पोकळ तळ. एरवी ट्रेलरवर उभी. आत साचलेलं पाणी काढायला प्रत्येक तळाच्या मागच्या टोकाला एक बूच असतं. पाण्यात उतरण्याआधी दोन्ही बुचं घट्ट लावायची, बाकी काही विसरलं तरी चालेल.

वरळी कोळीवाड्यात बोट उतरवताना मंदार म्हणाला, "उजवं मी लावतो, डावं तू बघ."

मी मागे जाऊन डावं पाहिलं. आधीच घट्ट होतं. मी खूश.

अर्ध्या तासात बोट एका बाजूला कलायला लागली. आम्ही दुसऱ्या बाजूला सरकून बसलो, तरी कलतेच.

"शीड चुकलंय का रे?" मी विचारलं.

"वारा कुठाय शीड चुकायला!"

शेजारून मासे घेऊन परतणारे एक कोळी काका ओरडले, "अरे, पाणी भरतंय आत! बुचं लावली का?"

"मी उजवं लावलं," मंदार म्हणाला.

"मी डावं पाहिलं," मी म्हणालो.

काकांनी दोरी टाकून आम्हाला ओढायला घेतलं. तेव्हा कुठे उलगडा झाला. "उजवं" म्हणताना मंदार बोटीच्या पुढे, बोटीकडे तोंड करून उभा होता आणि त्याच बाजूनं मागे जाऊन त्यानं बूच लावलं; मी मात्र डावं-उजवं ठरवलं ते मागे उभा राहून. त्याचं उजवं तेच माझं डावं.

"मग राहिलं ते कुठलं?" काकांनी विचारलं.

"डावं," मंदार म्हणाला.

"उजवं," मी म्हणालो.