साठची की नव्वदची

मुलीच्या हळदीसाठी गाणी भरून घ्यायला पितांबर जामनेरहून जळगावला, अय्युबच्या कॅसेटच्या दुकानात आला होता. त्याच्या पुढे मेहरूणच्या मंदाबाई उभ्या होत्या, हातात वॉकमन आणि एक जुनी कॅसेट घेऊन.

"अय्युबभाऊ, ह्यांचा आवाज पुन्हा उतरवून दे."

"मागच्या महिन्यात दिला ना, अक्का? साठ मिनिटांच्या कॅसेटवर."

"ती पुरेना आता. नव्वदची दे."

"नव्वदची फीत पातळ असते, वॉकमनमध्ये अडकून तुटते. अन् भाऊंचं बोलणं तर पंचवीसच मिनिटांचं. ते गेले त्याआधी दवाखान्यात तुम्हीच भरलेलं."

"तेव्हा होतं तेवढं."

"म्हणजे?"

"आधी एकटेच बोलायचे. आता मध्येच थांबतात. मी बोलले की मग पुढे बोलतात. त्यात बाजू संपून जाते अन् बठ्ठं, सगळंच बोलणं अर्धवट राहतं."

अय्युबने जुनी कॅसेट मशीनमध्ये घातली आणि हेडफोन कानाला लावला. पितांबरला काहीच ऐकू येत नव्हतं. बऱ्याच वेळाने अय्युबने हेडफोन उतरवला.

"अक्का, हे तुम्हाला विचारतात?"

"हो. कधी येतेस, म्हणतात."

"तुम्ही काय सांगितलं?"

"अजून काही नाही. सांगणार, तेवढ्यात कॅसेट संपली."

"नव्वदच्या संपल्या, अक्का," अय्युब हळूच म्हणाला. "आता येणारही नाहीत."

काउंटरच्या काचेआड नव्वदच्या कॅसेटींची चळत होती. पितांबर दोन पावलं सरकला आणि मंदाबाईंना ती चळत दिसणार नाही असा काचेसमोर उभा राहिला.