न लागलेलं दही

(मुलांनो, जरा डोळ्यांपुढे आणा. पांढऱ्या फरश्यांची एक उबदार खोली. मधोमध पोलादी टाकी, मोठ्या माणसाच्या खांद्याएवढी उंच. तिच्यात आठशे लिटर दूध, शेजारच्याच गोठ्यातलं. सकाळी आठला त्याला विरजण लावलंय आणि आता दुपारचे साडेतीन झालेत. टाकीपाशी दोघी उभ्या आहेत. एक दह्याचं काम बघणारी मावशी, आणि दुसरी तिची नऊ वर्षांची भाची. शाळा सुटली की ती रोज इथेच येते. तिला सगळे मुंगी म्हणतात.)

मावशी : ...छे. बघ, पळी सरळ बुडाली. नुसतं दूध आहे.

मुंगी : अजून थोडं थांबलो तर?

मावशी : सात तास उलटले. दोनदा ऊब वाढवली, वरून आणखी विरजण घातलं. आता थांबून काय, टाकीची आरती करू?

मुंगी : विरजणच खराब असेल.

मावशी : ती वाटी बघ कपाटावर. तेच विरजण, कालच्या दुधाला लावलेलं. सुरीने कापावं असं घट्ट झालंय. विरजण चांगलं आहे गं. खोट दुधात आहे.

मुंगी : कसली खोट?

मावशी : सांगते. मीट डोळे. समज, तू विरजणातला एक जीवाणू आहेस.

मुंगी : मी आधीच मुंगी आहे.

मावशी : त्याच्यापुढे मुंगी म्हणजे डोंगर. तुझ्या करंगळीच्या नखावर लाखो बसतील, धक्काबुक्की न करता. तुला हात नाहीत, पाय नाहीत, डोळे नाहीत. तू कोमट दुधात पडलीस. काय लागतंय?

मुंगी : ऊबदार. आणि जरा गोड.

मावशी : गोड बरोबर. ती दुधातली साखर खायची आणि आंबटपणा बाहेर टाकायचा. आयुष्यभर एवढंच काम. थोड्या वेळाने एकीच्या दोघी, दोघींच्या चौघी. दुपारपर्यंत टाकीत मोजता येणार नाहीत इतक्या. दूध आंबट होत जातं, जागच्या जागी थिजतं, आणि आपण म्हणतो, मावशीने काय छान दही लावलं. मावशी नुसती ऊब सांभाळत बसलेली असते.

मुंगी : शाळेत बाई म्हणाल्या, जंतू वाईट असतात.

मावशी : आजारी पाडणारे असतात, म्हणून हात धुवायचे. पण तसे थोडेच. बाकीचे आपापल्या कामात असतात. लोणच्यात घालतात तो शिरका, म्हणजे व्हिनेगर, तेच करतात. तुझ्या पोटात आहेत. गाईच्या पोटात तर एवढे, की ते नसते तर गाय भरल्या गवतात उपाशी मेली असती. आता पुढचं ऐक. तू मजेत साखर खातेयस, आणि त्या दुधात आधीच कुणीतरी जंतू मारायचं औषध मिसळलेलं आहे.

मुंगी : मग?

मावशी : मग तुझ्या दोघी होत नाहीत. एकटी असतेस तीही जाते.

मुंगी : पण दूध तू तापवतेस ना. औषध जळून जाईल की.

मावशी : तापवल्याने नको ते जंतू मरतात. औषधाला काही होत नाही, ते जसंच्या तसं राहतं. दुपारी तपासणीचा कागद बुडवला तेव्हा कळलं. एक रेघ उमटायला हवी होती, ती उमटलीच नाही. म्हणजे दुधात औषध आहे.

मुंगी : ते आलं कुठून?

मावशी : गोठ्यातून. ठिपकीची कास सुजली होती ना चार दिवसांपूर्वी? तिथे वाईट जंतू शिरले होते. डॉक्टरांनी सडातून औषध सोडलं.

मुंगी : पण ती बरी झाली. सूज उतरली. चारा खात होती, मी हाताने भरवला.

मावशी : ती बरी झाली तरी औषध लगेच जात नाही बाई. शेवटच्या मात्रेनंतरही चार दिवस दुधात उतरत राहतं. तेवढे दिवस तिचं दूध वेगळं काढायचं. म्हणून तर तिच्या मागच्या पायाला लाल पट्टा बांधतात. धार काढणाऱ्याने पट्टा बघायचा आणि दूध वेगळ्या बादलीत घ्यायचं.

मुंगी : पट्टा... ती आजारी आहे म्हणून असतो ना? मला धारकाकांनी तसंच सांगितलं होतं.

मावशी : तुला सोपं करून सांगितलं असेल.

मुंगी : औषधाला कळत नाही का, हे चांगले जंतू आहेत, यांना सोडून द्यावं?

मावशी : नाही कळत. सुक्याबरोबर ओलंही जळतं. आणि हे दूध आता नुसतं ओतूनही देता येत नाही. मागच्या हौदात सांडपाणी साफ करणारे जीवाणू आहेत, तिथे सोडलं तर तेही मरतील आणि घाण पाणी सरळ ओढ्याला जाईल. आठशे लिटर दूध घेऊन बसलोय, ना पोटात, ना गटारात. अगं, काय झालं? तोंड का असं उतरलंय?

मुंगी : काही नाही. भूक नाहीये.

मावशी : मी कुठे जेवायला बोलावलं तुला?

धारकाका : काय विरजणबाई, आत येऊ का? चपला बदलल्या हो. गोठ्यातल्या बाहेर ठेवल्यात, तुमच्या खोलीतल्या पांढऱ्या घातल्यात. एक तेवढं तरी लक्षात राहतं अजून.

मावशी : या ना काका. बसा.

धारकाका : बसत नाही. चारला डेअरीच्या साहेबांनी बोलावलंय. म्हटलं आधी तुम्हाला तोंड दाखवावं. सव्वीस वर्षं या दोन हातांनी धारा काढल्या, कधी दूध फुकट गेलं नाही. शेवटी गेलं ते टाकीभर गेलं. मुंगीबाई, आज गोठ्याकडे फिरकली नाहीस?

मुंगी : अभ्यास होता.

धारकाका : अरे वा. सूर्य कुठून उगवला?

मावशी : काका, नक्की काय झालं हो? तुम्हाला पट्टा दिसला नाही?

धारकाका : तिथेच तर घोडं अडलंय. परवा मी ठिपकीच्या पायात लाल पट्टा पाहिला. म्हणजे पाहिला असं मला वाटतं. तीन दिवस तिचं दूध वेगळं काढलं, असंही वाटतं. आज पहाटे बसलो, तर पाय मोकळा. तिची बहीण शेजारीच, तीही तशीच ठिपक्यांची. म्हटलं, म्हाताऱ्या, चुकतोयस. पट्टा बहिणीला असेल. तिच्या पायाकडे गेलो, तोही मोकळा. म्हणजे दिवस भरले असतील, डॉक्टरांनी सोडला असेल, आपणच मोजण्यात चुकलो. काढली धार, ओतली मोठ्या कॅनमध्ये.

मावशी : डॉक्टरांना विचारलंत?

धारकाका : दुपारी विचारलं. म्हणाले, पट्टा अजून दोन दिवस राहायला हवा होता. मग गेला कुठे? साहेब म्हणतात, तुम्ही बांधलाच नसेल. असेलही तसं. माझ्या आईचं असंच झालं होतं, बाई. आधी किल्ल्या विसरायची. मग गॅस. शेवटी मला 'आपण कोण' म्हणून विचारायची. सकाळपासून मी गाईंची नावं म्हणून बघतोय मनात. चाळीसच्या चाळीस आठवतात. पण काय भरवसा?

मावशी : असं काही बोलू नका हो.

धारकाका : साहेब वाईट नाहीत. म्हणाले, काका, आता आराम करा. मी होच म्हणणार आहे. दुधावर बसायचं तर डोकं धड हवं. आज दही गेलं, उद्या कुणाच्या लेकराच्या पोटात गेलं असतं. येतो. मुंगीबाई, ठिपकीला अधूनमधून भरवत जा. तुझ्या हातचं खाते ती.

मुंगी : मला अभ्यास आहे.

धारकाका : एवढा अभ्यास? राहू दे.

मावशी : गेले. मुंगी, इकडे बघ. आल्यापासून तुझा उजवा हात खिशात आहे. काय आहे त्यात?

मुंगी : काही नाही.

मावशी : चोराच्या मनात चांदणं, आणि तुझ्या तोंडावर. काढ हात.

मुंगी : मावशी, मी त्यांच्यासाठी नव्हतं केलं. म्हणजे त्यांना त्रास व्हावा म्हणून नव्हतं केलं.

मावशी : हा... हा तर पट्टा आहे.

मुंगी : काल संध्याकाळी मी ठिपकीला भरवत होते. ती सारखा पाय झटकत होती. पट्ट्याखाली चिखल वाळला होता, केस ओढले जात होते. मला वाटलं, ती तर बरी झाली. बरं झाल्यावर दवाखान्यातला पलंग सोडतात, तसं. मी सोडला, पाय धुतला. पट्टा काकांना द्यायचा होता, पण ते चारा आणायला गेले होते. मग घरी गेले, आणि तो खिशातच विसरले. दुपारी शाळेतून आले तर सगळे टाकीभोवती.

मावशी : तेव्हाच का नाही सांगितलंस?

मुंगी : साहेब पट्ट्यावरून काकांना ओरडत होते. मला वाटलं, दही उशिरा लागेल आणि सगळं मिटेल. म्हणून मी तुला थांब थांब म्हणत होते.

मावशी : ठेव तो खिशात. जरा विचार करू दे मला.

मुंगी : किती वेळ? चारला पाच मिनिटं आहेत.

मावशी : मुंगी, एक सांगू? पट्टा नसला तरी ही टाकी वाचली असती. प्रत्येक कॅनचं दूध विरजण लावायच्या आधी कागदावर तपासायचं, असा नियम आहे. बाहेरून आलेलं दूध मी तपासते. आपल्या गोठ्याचं नाही तपासत. धारकाकांचं दूध, त्यात काय बघायचं, म्हणून सहा वर्षं न बघताच वहीत 'ठीक' लिहितेय. आजही सकाळी लिहिलं. दुपारी दही लागेना, तेव्हा कागद बुडवला.

मुंगी : मग तू साहेबांना ते सांगितलं नाहीस?

मावशी : नाही.

मुंगी : काका आत्ता इथे उभे होते तेव्हाही नाही?

मावशी : नाही सांगितलं. माझी नोकरी जाईल म्हणून भ्याले. तू निदान नऊ वर्षांची आहेस, मला तेवढी सबबही नाही.

मुंगी : आपण दोघींनी नाही सांगितलं तर काय होईल?

मावशी : काही नाही होणार. उद्या नवं दूध येईल, दही लागेल. काका घरी बसतील.

मुंगी : आणि गाईंची नावं म्हणत राहतील.

मावशी : हो.

मुंगी : मावशी, दार उघड.

मावशी : थांब, वही घेते. मीही येते. कुठे ठेवली मी... अगं, पांढऱ्या चपला तशाच घालून चाललीस? त्या बाहेर नाही न्यायच्या. बरं, जा. पळ. ते कोपऱ्यापर्यंत पोचलेत.

मुंगी : काका, थांबा. हा बघा पट्टा. ठिपकीच्याच पायात होता, परवापण होता. तुम्हाला सगळं बरोबर आठवतंय.